तऱ्हाळा नाणेनिधी

सातवाहन राजांच्या पोटिन नाण्यांचा वऱ्हाडातील मोठा निधी. मंगरूळपीर तालुक्यातील (तत्कालीन अकोला, आता वाशीम जिल्हा) तऱ्हाळा येथे १९३९ मध्ये सापडला. नाणी सुमारे १,६००. वा. वि. मिराशी यांनी त्यांचे वाचन १९४० मध्ये प्रसिद्ध केले.

धातू : पोटिन म्हणजे तांबे, शिसे व कथील यांचा हलक्या मोलाचा मिश्रधातू.

चित्रे व लेख : दर्शनी बाजूस सोंड उंचावलेला हत्ती व त्याभोवती ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत राजाचे नाव. मागे उज्जैन चिन्ह : फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळे. बहुतेक नाण्यांवर लेखाचा थोडाच भाग उमटला आहे. त्यामुळे एकाच राजाची अनेक नाणी शेजारी ठेवून त्याचे पूर्ण नाव जुळवावे लागते.

राजे : सातकर्णी, पुळुमावी, यज्ञ सातकर्णी, स्कंद, विजय, कुंभ, कर्ण व शक सातकर्णी. यांपैकी शेवटची तीन नावे पुराणांतील वंशावळींत नाहीत. उत्तरकालीन राजांच्या क्रमाबाबत मतभेद आहेत. नुसते ‘सातकर्णी’ असलेली नाणी गौतमीपुत्र सातकर्णीची मानली जातात. मात्र त्यांवर ‘गौतमीपुत्र’ हे मातृनाम नाही.

रोमन नाण्यांशी तुलना : सातवाहनांच्या काळात रोममध्ये तांब्या-पितळेच्या नाण्यांवरही सम्राटाचा मुखवटा असे. दुपोंदियुस या नाण्यावर तो बहुधा सूर्यकिरणांचा मुकुट घालून दिसतो. मागील बाजूच्या ‘एस सी’ या अक्षरांचा अर्थ ‘सिनेटच्या ठरावाने’ असा लावतात. रोमन नाण्यांचा परिचय दख्खनला होता. तेर येथे त्यांच्या मातीच्या प्रतिकृती सापडल्या आहेत. तरीही सातवाहनांनी राजाचा मुखवटा मुख्यतः चांदीच्या नाण्यांवर घेतला. यज्ञ सातकर्णीचे असे एक नाणे १८८२ मध्ये सोपारा येथील स्तूपात मिळाले. ही शैली पश्चिमी क्षत्रपांकडून आलेली आहे. बाजारातल्या पोटिन नाण्यावर मात्र हत्ती व राजाचे नाव हीच राजसत्तेची खूण राहिली.

महत्त्व : कुंभ, कर्ण व शक सातकर्णी ही नावे इतिहासाला या निधीने दिली. नाणी सुटी विकली गेली असती, तर ही नावे जुळवता आली नसती. शेतात वा बांधकामात असा निधी मिळाल्यास नाणी घासू नयेत, वाटून घेऊ नयेत. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार दहा रुपयांहून अधिक मोलाच्या निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे.