कोड फुकट, पण युक्ती कुणाची?

अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत काम केलेल्यांना पेटंट हा शब्द नवा नाही. १९७० च्या कायद्यात औषधावर पेटंट मिळत नसे, ते बनवायच्या पद्धतीवर मिळे. पद्धत बदला, तेच औषध बनवा. २००५ च्या दुरुस्तीने ती सोय गेली. पण त्याच दुरुस्तीच्या वेळी सॉफ्टवेअरवरूनही भांडण झालं होतं, ते फारसं कुणाच्या लक्षात नाही. आज जांभूळपासून उल्हासनगरपर्यंत कोडिंग करणारी पोरं पुष्कळ आहेत, म्हणून लिहितोय.

मोबाईलवरून पैसे पाठवताना तुमचा फोन आणि समोरचा सर्व्हर आधी एक गुप्त किल्ली ठरवतात. गंमत म्हणजे ती ठरते उघड्यावर. बदलापूर स्टेशनच्या दोन फलाटांवरून दोघांनी ओरडून आकडे सांगावेत, सगळ्या गर्दीने ऐकावेत, तरी शेवटचा आकडा फक्त त्या दोघांनाच कळावा, अशी ही युक्ती. डिफी आणि हेलमन या अमेरिकन संशोधकांनी ती १९७६ मध्ये जाहीर केली. पेटंट १९८० मध्ये मिळालं, १९९७ ला संपलं. पाठोपाठ आलेल्या आरएसए पद्धतीचं पेटंट १९८३ ते २००० चाललं, तेही फक्त अमेरिकेत. कारण अर्जाआधीच ती पद्धत मासिकात छापून आली होती आणि बहुतेक देशांत अशा गोष्टीला पेटंट मिळत नाही.

फिल झिमरमनने १९९१ मध्ये पीजीपी हा प्रोग्राम फुकट वाटला. कोड त्याचा, किंमत शून्य, तरी पेटंटवाल्या कंपनीशी वाद झालाच. शेवटी १९९४ मध्ये एमआयटीने अमेरिकेसाठी आवृत्ती काढली. आत त्या कंपनीचाच कोड, आणि धंद्यासाठी वापरायची नाही ही अट. अमेरिकेबाहेर वेगळी आवृत्ती चालायची.

आपल्याकडे कलम ३(के) नुसार गणिती पद्धत, अल्गोरिदम आणि 'नुसता' संगणक प्रोग्राम यांना पेटंट नाही. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने ते दार किलकिलं केलं होतं. २००५ मध्ये संसदेने ते पुन्हा लावलं. माझ्या मते छोट्या सॉफ्टवेअरवाल्यांवर हे मोठे उपकार आहेत. पण 'नुसता' या शब्दावर अजून वाद चालतात. शिवाय इथे लिहिलेलं सॉफ्टवेअर अमेरिकेत विकलं की तिथला कायदा आलाच.

हे जुनं झालं असं समजू नका. क्वांटम संगणक आजच्या किल्ल्या तोडतील या भीतीने अमेरिकेच्या निस्ट संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये कायबर पद्धतीवर आधारलेलं नवं मानक आणलं. त्याआड इतरांची पेटंटं येत होती, म्हणून २०२२ मध्ये मालकांशी करार करावे लागले. ती मोकळीक मानक जसंच्या तसं वापरणाऱ्यांना आहे. मनाने फेरफार केलात तर तुमचं तुम्ही बघा.

म्हणून पोरांनो, कोड उचलताना परवाना वाचा. एमआयटी परवाना पेटंटचं नावही घेत नाही. अपाचे २.० घेतो, पण कोड देणाऱ्यांच्या पेटंटपुरतंच. तिसऱ्याच कुणाचं पेटंट असेल, तर दोन्ही कागद तुम्हाला वाचवत नाहीत. कोड कुणाचा हे विचारता, तसं युक्ती कुणाची हेही विचारा.