क्षितिजाचें वर्तुळ जुळविण्याची विद्या

नागपुरांत विधानभवनाजवळ एक दगडी स्तंभ व चार घोडे उभे आहेत. त्या जागेस ‘शून्य मैल’ म्हणतात, हें वाचकांपैकीं बहुतेकांस ठाऊक असेलच. हाच हिंदुस्थानचा मध्यबिंदु, अशी लोकांची समजूत असून शाळेंतील मुलांस तसें अभिमानानें सांगितलेंही जातें. वास्तविक तेथील १९०७ सालची खूण त्रिकोणमितीय मोजणी-खात्यानें उंची नोंदण्यासाठीं केलेली आहे; मध्यबिंदूचा मान तिला जनतेनें बहाल केला. तरीपण ज्या विद्येचा इतिहास येथें सांगावयाचा आहे, तिचें स्मरण करावयास याहून योग्य स्थळ मिळावयाचें नाहीं.

समजा, एखाद्या हौशी छायाचित्रकारानें या स्तंभापाशीं उभें राहून भोंवतालचा सारा देखावा, वरच्या आकाशासह आणि पायांखालच्या जमिनीसह, एकाच चित्रांत आणण्याचें मनांत घेतलें. एका चित्रांत तें मावणें शक्य नाहीं. म्हणून तो थोडथोडें वळत अनेक चित्रें घेतो. प्रत्येक चित्राची कड शेजारच्या चित्रावर थोडी चढलेली ठेवतो. एक चित्र डोक्यावरचें व एक पायांखालचें घेतो आणि घरीं येऊन तीं सर्व जोडावयास बसतो. येथेंच त्याची फजिती होते. दूरच्या इमारती नेमक्या जुळतात, पण जवळचा घोडा जुळत नाहीं! एका चित्रांतील मान दुसऱ्या चित्रांतील धडावर बसतच नाहीं. कारण साधें आहे. नाकासमोर बोट धरून आळीपाळीनें एकेक डोळा मिटला म्हणजे बोट भिंतीवरून सरकल्यासारखें दिसतें. छायाचित्रकार स्वतःभोंवतीं वळला, पण त्याच्या हातांतील यंत्र त्याच्याभोंवतीं फिरलें. प्रत्येक चित्र निराळ्या जागेवरून घेतलें गेलें. भिंगांत प्रकाशकिरण ज्या बिंदूंत एकवटल्यासारखे दिसतात, त्याच बिंदूभोंवतीं यंत्र फिरलें पाहिजे.

हा नियम मोजणीदारांस फार पूर्वींपासून पाठ होता. विल्यम लॅम्टन यांनीं १८०२ सालीं मद्रासजवळ सुमारें साडेसात मैलांची आधाररेषा मोजून आपल्या कार्यास आरंभ केला. त्यांचें कोनमापक यंत्र अर्ध्या टनाच्या घरांतलें. तें डोंगरमाथ्यांवर आणि देवळांच्या शिखरांवर चढवावें लागे. १८०८ सालीं तंजावरच्या मोठ्या देवळावर तें चढवीत असतां दोर तुटला व यंत्र आदळून त्याचें अंशांकित वर्तुळ वेडेंवांकडें झालें. दुसऱ्या एखाद्यानें हाय खाल्ली असती. लॅम्टन यांनीं तंबूंत बसून कित्येक आठवडे तें वर्तुळ स्वहस्तें ठोकून ठोकून पूर्वस्थितीस आणलें! पुढें हैदराबादेहून नागपुराकडे येत असतां २० जानेवारी १८२३ रोजीं हिंगणघाट येथें त्यांचें देहावसान झालें. नागपूर त्यांच्या दृष्टीस पडलेंच नाहीं. शून्य मैलावर जमणारी मंडळी हिंगणघाटचें नांव क्वचितच काढतात, याचें आम्हांस वाईट वाटतें.

मोजणीदाराची कसोटी अशी. एका खुणेपासून निघून कोन मोजीत मोजीत पुन्हां त्याच खुणेवर यावें. बेरीज बरोबर ३६० अंश झाली पाहिजे. ती सहसा होत नाहीं. कांहीं विकला कमी तरी पडतात, नाहीं तर जास्त तरी होतात. त्यांत भर म्हणून पृथ्वी गोल असल्यामुळें मोठ्या त्रिकोणाचे तीन कोन मिळून १८० अंशांहून किंचित् अधिकच भरतात. सुमारें शहात्तर चौरस मैलांस एक विकला. हा आधिक्याचा अंश म्हणजे चूक नव्हे. तो वजा केल्यावर उरते ती खरी चूक.

मग या चुकीचें करावयाचें काय? शेवटच्या कोनाच्या माथीं ती मारणें सर्वांत सोपें. पण मग तोच कोन बिचारा खोटा ठरतो. लजांद्र यांनीं १८०५ सालीं व गौस यांनीं १८०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या लघुतम वर्गांच्या पद्धतीनें ती सर्व मापांत अशी वांटतां येते कीं, कोणासच फार वांकावें लागूं नये. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मोजणी-खात्यांतील गणकांनीं त्रिकोणांच्या जाळ्यावर हीच पद्धति चालविली. पानेंच्या पानें आंकडेमोड हातानें करावयाची. त्या कामाचा शीण आज कल्पनेनेंही नीट उमगणार नाहीं.

छायाचित्रांची कथा निराळ्या वाटेनें येऊन येथेंच मिळते. रॉबर्ट बार्कर या चित्रकारानें १७८७ सालीं वर्तुळाकार देखाव्याचें एकस्व मिळविलें. १८५८ सालीं फेलिचे बिआटो यानें लखनौचा उध्वस्त देखावा अनेक छायाचित्रें शेजारीं शेजारीं लावून दाखविला. तीं चित्रें केवळ कडेला कड लावलेलीं होतीं. १९९८ सालीं हेल्मुट डेर्श या जर्मन शास्त्रज्ञानें संगणकासाठीं जुळणीचीं साधनें तयार केलीं. तेव्हां दोन चित्रांतील समान खुणा माणसानें नेमून द्यावयाच्या असत. २००३ सालीं ब्राउन व लो या दोघांनीं त्या खुणा यंत्रालाच हुडकावयास लावल्या. पण खुणा मिळाल्यावर शेवटच्या चित्राची कड पहिल्यास भिडतांना जी तफावत राहते, ती सर्व सांध्यांवर वांटण्याची युक्ति मात्र तीच, जुनी, मोजणीदारांची.

गोल कागदावर पसरूं लागलें कीं कोठें तरी ताणला जाणारच. जुळलेलें चित्र उंचीच्या दुप्पट रुंद असतें आणि त्याची सबंध वरची कड म्हणजे डोक्यावरचा एकच बिंदु; तळची कड म्हणजे पायांखालचा. पायांखालच्या बिंदूवर नेमकी यंत्राची तिवई उभी असते, म्हणून छायाचित्रकार निराळें चित्र घेऊन ती पुसून टाकतो. मोजणीदाराचें यंत्रही त्याच बिंदूवर उभें असे. परंतु तो जातांना त्या ठिकाणीं खडकांत एक वर्तुळ व त्याच्या मध्यें एक टिंब कोरून जाई.