पाणी डोंगराचं, नकाशा कलेक्टरचा

महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा कोणता? स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही झोपेत विचारा, उत्तर येईल: अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर. क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर, तालुके १४, लोकसंख्या २०११ च्या जनगणनेप्रमाणे ४५ लाखांवर. एवढं पाठ केलं की एक मार्क पक्का.

पण कळसूबाईच्या पायथ्याशी भात लावणारा बारी गावचा शेतकरी आणि जामखेडला ज्वारी पेरणारा शेतकरी, हे दोघं एकाच कलेक्टरच्या हाताखाली कसे आले, हे कुठल्या गाइडमध्ये लिहिलेलं नसतं. जिल्ह्याचं विभाजन करायचं की नाही, केलं तर मुख्यालय संगमनेर, श्रीरामपूर की शिर्डी, यावर दर निवडणुकीत चर्चा होते. त्या चर्चेत डोंगराचा विषय सहसा निघत नाही. वास्तविक नगरचा इतिहास डोंगरापासूनच सुरू करायला हवा.

उतार

नगरचा भूगोल एका शब्दात सांगायचा तर तो शब्द ‘उतार’ हा आहे.

जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुका आहे. (विदर्भातलं अकोला वेगळं.) राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १,६४६ मीटर, इथेच नाशिकच्या हद्दीवर आहे. हरिश्चंद्रगड इथला, रतनगडही इथलाच. रतनगडाच्या परिसरात प्रवरा उगम पावते, आणि रतनगड ते हरिश्चंद्रगड या डोंगररांगेच्या पूर्व उतारावर मुळा. कड्याच्या पलीकडे सरळ खाली कोकण. अलीकडे पडलेलं पाणी मात्र पूर्वेकडे वाहतं आणि संगमनेर, राहुरी, नेवासा करत गोदावरीला मिळतं.

घाटघर-रतनवाडी भागात चांगल्या वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. लोक घाटघरला नगरचं चेरापुंजी म्हणतात. तिथून पूर्वेला जेमतेम शंभरेक किलोमीटरवर हाच आकडा पाचशेच्या आसपास येतो. एकाच जिल्ह्यात दहापट फरक.

आणखी एक गंमत बघा. जिल्ह्याचा दक्षिण भाग, म्हणजे श्रीगोंदा, कर्जत, जामखेड, या उतारावर नाहीच. तिथलं पाणी सीना आणि भीमेतून कृष्णेकडे जातं. नगर शहरही सीनेच्या काठचं. म्हणजे जिल्ह्याचं मोठं पाणी गोदावरीच्या खोऱ्यात आणि कलेक्टर कचेरी कृष्णेच्या खोऱ्यात. या दोन खोऱ्यांना एकत्र ठेवणारी गोष्ट नदी नव्हे, फक्त कारभार आहे.

राज्य अडचणीत आलं की डोंगर चढतं

हा कारभार आला कुठून? मलिक अहमदने १४९० मध्ये बहमनी फौजेला भिंगारजवळ हरवलं आणि निजामशाही उभी केली. राजधानीसाठी त्याने लढाईचीच जागा निवडली: सीनेकाठचं मोकळं मैदान. जागा राज्यकारभाराला सोयीची होती, पण पाण्याला तोकडी. म्हणून निजामशाहीत कापूरवाडी, वडगाव, भिंगार अशा आसपासच्या गावांकडून शहरात खापरी नळांनी पाणी आणलं गेलं. भुईकोट किल्ला आणि फराहबाग पाहायला जाणारे बरेच जण या नळांबद्दल ऐकूनही नसतात. नगरच्या सत्तेला लांबून पाणी आणायची सवय पहिल्या दिवसापासूनची आहे.

१५९५-९६ मध्ये चांदबीबीने मोगलांपासून भुईकोट वाचवला. १६०० मध्ये ती मारली गेली आणि किल्ला पडला. राज्य मात्र संपलं नाही. मैदान गेलं तेव्हा ते डोंगराकडे सरकलं. मलिक अंबरने डोंगर-घाटांच्या आधाराने मोगलांना पुढची पंचवीस वर्षं दमवलं. १६३३ मध्ये दौलताबादही पडला, तेव्हा शहाजीराजांनी संगमनेरजवळच्या पेमगिरीवर निजामशाहीच्या एका लहान वारसाला गादीवर बसवलं आणि त्याच्या नावाने कारभार चालवला. १६३६ मध्ये माहुलीला शेवट झाला, तोही डोंगरी किल्ल्यावरच.

पुढे १६७९ मध्ये जालन्याच्या स्वारीवरून परतताना शिवाजी महाराज अकोले भागातल्या पट्टा किल्ल्यावर आले, तिथे मुक्काम केला, आणि पट्ट्याचा विश्रामगड झाला.

सत्ता कुणाचीही असो, या भागातल्या घाटवाटा आणि किल्ले राखायचे तर महादेव कोळी नाईकांची साथ लागायची. बदल्यात त्यांना वतनं आणि हक्क मिळत. डोंगरातल्या माणसाची सत्तेला गरज होती, म्हणून त्याचा मान होता.

नाईक, सावकार आणि कलेक्टर

हे सगळं १८१८ नंतर बदललं. नगरचा भुईकोट इंग्रजांनी १८०३ मध्येच जिंकला होता. पेशवाई बुडाल्यावर मुलूखही त्यांचा झाला आणि कॅप्टन पॉटिंजर नगरचे पहिले कलेक्टर झाले. डोंगरी किल्ल्यांचा इंग्रजांना उपयोग नव्हता, धोका मात्र होता. म्हणून अनेक किल्ल्यांचे तट आणि पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या गेल्या. किल्ला नाही म्हटल्यावर राखणदाराची गरज नाही, आणि राखणदार नाही म्हटल्यावर त्याचे हक्क कशाला? नाईकांची मिळकत आटत गेली, सारा रोखीत भरायचा झाला आणि रोख पैसा सावकाराकडे होता.

अकोल्यातल्या देवगावच्या राघोजी भांगरे यांचं बंड या परिस्थितीतून उभं राहिलं. त्यांचे वडील रामजी भांगरे यांनीही त्यांच्या आधी बंड केलं होतं. १८४४-४५ मध्ये राघोजींनी नगर, नाशिक, पुणे आणि ठाण्याच्या डोंगरपट्ट्यात सावकार आणि सरकार दोघांनाही हैराण केलं. १८४८ च्या जानेवारीत ते पंढरपुरात पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली.

राघोजी ज्या मुलुखात फिरले त्याला जिल्ह्याच्या हद्दी नव्हत्या. सह्याद्रीचा माथा हा त्यांचा एकच सलग प्रदेश होता. इंग्रजांच्या नकाशात मात्र त्याचे चार तुकडे होते आणि प्रत्येक तुकड्याचं मुख्यालय दूर मैदानात. १८६९ मध्ये नाशिक वेगळा जिल्हा झाला आणि डोंगराची फाळणी पक्की झाली. कळसूबाईची एक बाजू नाशिककडे गेली, दुसरी नगरकडे राहिली.

भिंत शेंडीला, ऊस श्रीरामपूरला

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला दख्खनने लागोपाठ दुष्काळ पाहिले: १८७६-७८, १८९६-९७, १८९९-१९००. मैदानातली माणसं आणि जनावरं वाचवायची तर कालवे हवेत, आणि कालव्याला बारमाही पाणी हवं तर ते सह्याद्रीतच अडवायला हवं, हे सरकारला पटलं. १९१० मध्ये प्रवरेवर शेंडी गावाजवळ भंडारदरा धरणाचं काम सुरू झालं. १० डिसेंबर १९२६ रोजी गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी त्याचं उद्घाटन केलं. ८२ मीटर उंच दगडी भिंत, साठा अकरा टीएमसी.

हे पाणी संगमनेर तालुक्यातल्या ओझर बंधाऱ्यापर्यंत नदीतून येतं आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांत शिरतं. त्याच्या जोरावर आजच्या राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा भागाचं रूप पालटलं. सासवडचे माळी इथे ऊस लावायला आले. हरेगाव, टिळकनगरला खासगी कारखाने निघाले. शेतकऱ्यांनी त्यांना जमिनी खंडाने दिल्या. कमाल जमीन धारणा कायद्यानंतर कारखान्यांकडच्या या जमिनी शेती महामंडळाकडे गेल्या आणि खंडकऱ्यांना त्या परत मिळवायला पिढ्या लागल्या.

१९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीजवळ, आजच्या प्रवरानगरला, आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. मग कारखान्यामागून बँक, दूध संघ, शाळा, कॉलेज, दवाखाना आणि आमदारकी. महाराष्ट्राचं सहकारी राजकारण समजून घ्यायचं तर आजही नगरलाच यावं लागतं.

या यशोगाथेत खोट काही नाही. दुष्काळी मुलूख खरंच उभा राहिला. पण पाणी जिथे अडवलं, तिथे काय उरलं? भात, नागली, वरई पावसाळ्यात, आणि पावसाळा संपला की कामासाठी डोंगर उतरणं. पाच हजार मिलिमीटर पाऊस पडलेल्या वाड्यांवर उन्हाळ्यात हंडे घेऊन झरा शोधावा लागतो. काळ्या बसाल्टचा खडक, तीव्र उतार, पातळ माती. पाणी थांबत नाही, आणि जे थांबवलं ते धरणात, गावाच्या खाली. अकोल्याच्या खालच्या पट्ट्यात ऊस आहे, अगस्ती कारखाना आहे. पण आदिवासी पश्चिम भागाला धरणाच्या भिंतीवरून पाणी पाहणंच जास्त वाट्याला आलं.

निळवंड्याची गोष्ट याच मालिकेतली. १९७० मध्ये प्रवरेवरच्या या दुसऱ्या धरणाची कल्पना मांडली गेली. जागा बदलल्या, खर्च वाढला, आंदोलनं झाली. डाव्या कालव्याचं लोकार्पण व्हायला २६ ऑक्टोबर २०२३ उजाडलं. मध्ये ५३ वर्षं गेली. अकोल्यातल्या लोकांनी आपल्या शेतांसाठी उच्चस्तरीय कालवे मागितले, कारण मुख्य कालवे त्यांच्या जमिनींच्या खालून जातात.

मोंटानाला दिलेला सल्ला

जरा नगरच्या बाहेर जाऊ. अमेरिकेच्या वायव्येला मोंटाना नावाचं डोंगराळ राज्य आहे. नावाचा अर्थच डोंगराळ. १८८९ मध्ये ते राज्य होणार होतं आणि हेलेना शहरात राज्यघटना लिहिण्यासाठी सभा भरली होती. तिथे जॉन वेस्ली पॉवेल हा भूगर्भशास्त्रज्ञ बोलायला गेला. एका हाताचा हा माणूस १८६९ मध्ये होडीने कोलोरॅडो नदी उतरून गेला होता.

पॉवेलचा सल्ला सरळ होता. तुमच्याकडे पाणी कमी आणि डोंगर जास्त. तेव्हा काउंट्यांच्या, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्यांच्या, सीमा पट्टी लावून आखू नका. नद्यांच्या खोऱ्यांप्रमाणे आखा. माथ्यावरचं जंगल, मधला चराईचा उतार आणि खालची ओलिताची जमीन एकाच कारभारात आली, तर वरच्याचं आणि खालच्याचं हित एकाच सभेत बसून ठरेल.

सभेने ऐकून घेतलं आणि ते केलं नाही. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला मोंटाना राज्य झालं.

नगरकडे पाहिलं की पॉवेलच्या सल्ल्याचा दुसरा अर्धा भाग दिसतो. प्रवरेचं खोरं, उगमापासून गोदावरीच्या संगमापर्यंत, जवळजवळ पूर्ण एकाच जिल्ह्यात आहे. पॉवेलला हवं होतं ते इथे आपसूक झालंय. तरीही वरच्या गावांचा आवाज खाली पोचला नाही. कारण नकाशा खोऱ्याचा असून भागत नाही. कालवा समितीत कोण बसतो, कारखान्याचा सभासद कोण, पाणी मागायला कोण मंत्रालयात जातो, यावर पाण्याची दिशा ठरते.

आणखी एक पायरी खाली

प्रवरेचं पाणी पुढे पैठणच्या जायकवाडीत जातं. १९७६ मध्ये पूर्ण झालेलं हे धरण मराठवाड्याचा आधार आहे. वर नाशिक-नगरमध्ये धरणं वाढली तशी जायकवाडीची आवक घटली. मग २००५ च्या कायद्याने समन्यायी वाटपाचं तत्त्व आलं, मेंढेगिरी समिती आली, आणि २०१४ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने आदेश दिला: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं.

तेव्हापासून कमी पावसाच्या वर्षी नगरमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘आमच्या हक्काचं पाणी मराठवाड्याला चाललं.’ ही चीड समजण्यासारखी आहे, उभं पीक डोळ्यांसमोर असतं. पण हेच वाक्य अकोल्याच्या वाड्यांवर शंभर वर्षांपासून बोललं जातंय, फक्त मराठवाड्याच्या जागी नगरचं मैदान असतं. जायकवाडीला ‘आधी आमचं भागू द्या’ म्हणणारा राहात्याचा शेतकरी भंडारदऱ्याशी नातं सांगताना मात्र ‘खालच्याचाही हक्क असतो’ याच तत्त्वावर उभा असतो. दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच लावावं लागेल.

विभाजन होईल तेव्हा

अकोल्याच्या डोंगरी भागाकडे आज एक वेगळं कायदेशीर हत्यार आहे. हा भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालचं अनुसूचित क्षेत्र आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला गौण वनोपज, जमीन, लहान जलसाठे यांबाबत अधिकार दिले आणि २०१४ मध्ये महाराष्ट्राने त्याचे नियम केले. नाईकांचे हक्क गेल्यानंतर जवळपास दोनशे वर्षांनी डोंगराला कारभारात पुन्हा औपचारिक जागा मिळाली. ती कितपत वापरली जाते, हे गावागणिक बदलतं.

२०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं. अहिल्यादेवी होळकरांचा जन्म जामखेड तालुक्यातल्या चोंडीचा, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या, कोरड्या टोकाचा. त्यांनी देशभर घाट, विहिरी, बारवा बांधल्या. पाण्याचं मोल जाणणाऱ्या बाईचं नाव जिल्ह्याला मिळालं आहे.

उद्या विभाजन झालंच, तर उत्तरेच्या नव्या जिल्ह्यात प्रवरेचं खोरं बहुतेक एकत्रच राहील. मुख्यालय संगमनेरला जावो की श्रीरामपूरला, बारी-घाटघरच्या माणसाचा प्रवास थोडा कमी होईल, एवढंच. खरा प्रश्न आहे तो नव्या जिल्ह्यात भंडारदरा-निळवंड्याच्या पाण्याचं नियोजन ठरताना त्या बैठकीत शेंडी, रतनवाडी, देवगावच्या ग्रामसभांचं कुणी असेल का, हा. विभाजनाच्या मोर्चात जाल तेव्हा मुख्यालयाच्या आधी हे विचारा.