दोन गाई, सहा मेंढ्या, एक डुक्कर

अमेरिकेत बऱ्याच लोकांना एक छंद असतो. आपला कुणी पूर्वज त्यांच्या स्वातंत्र्ययुद्धात (१७७५ ते १७८३) लढला होता का, ते शोधून काढायचं. आपल्याकडे तेव्हा नाना फडणवीसांचा काळ, पहिलं इंग्रज-मराठा युद्ध चालू. म्हणजे जवळजवळ अडीचशे वर्षं झाली. सेनापतींचं ठीक आहे हो, त्यांची चरित्रं असतात, पुतळे असतात. साधा शिपाई सापडतो कुठे?

उत्तर गमतीशीर आहे, आणि जरा वाईट वाटायला लावणारंही. तो सापडतो पेन्शनच्या फायलीत.

आधी अडचण काय ते बघू. नोव्हेंबर १८०० मध्ये तिथल्या युद्धखात्याच्या कचेरीला आग लागली आणि सैन्याची बरीचशी कागदपत्रं जळाली. बॅकअप वगैरे अर्थातच नव्हता. जनगणना १७९० पासून आहे, पण १८५० च्या आधी तिच्यात नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. बायकापोरं म्हणजे नुसते आकडे.

मग १८१८ साली कायदा झाला : गरजू सैनिकांना पेन्शन. साध्या शिपायाला महिना ८ डॉलर. सरकारच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त अर्ज आले. खरे गरजू किती, असा आरडाओरडा झाला आणि १८२० मध्ये नवी अट आली. कोर्टात या आणि घरात काय काय आहे त्याची यादी शपथेवर द्या.

जोसेफ प्लम्ब मार्टिन त्यांच्यातलाच एक. जन्म १७६० चा, मॅसॅच्युसेट्समधल्या बेकेट गावचा. वाढला कनेक्टिकटमध्ये, आजी-आजोबांकडे. १७७६ साली सैन्यात गेला तेव्हा वय वर्षं १५! न्यूयॉर्कजवळच्या लढाया, फोर्ट मिफ्लिन, मॉनमथ असं सगळं बघत १७८१ मध्ये यॉर्कटाऊनला पोचला, सुरुंग आणि खंदकवाल्यांच्या तुकडीत सार्जंट म्हणून. तिथे शरण आलेले कॉर्नवॉलिस म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातलेच. पाचच वर्षांनी ते गव्हर्नर जनरल होऊन इकडे आले.

मार्टिनचं मात्र वेगळं झालं. युद्ध संपल्यावर तो मेनच्या जंगलपट्टीत गेला, जमीन साफ केली, ल्यूसीशी लग्न केलं, शेती करू लागला. आणि मग कळलं की त्या सगळ्या मुलखावर हेन्री नॉक्स हे मालकी सांगतायत. हे नॉक्स म्हणजे त्याच युद्धातले तोफखान्याचे जनरल, पुढे युद्धमंत्री! निकाल नॉक्स यांच्या बाजूने लागला आणि मार्टिनची जमीन हळूहळू हातची गेली.

१८२० मध्ये तो कोर्टात उभा राहिला तेव्हा यादीत होतं : दोन गाई, सहा मेंढ्या, एक डुक्कर. बायको संधिवाताने आजारी, पाच मुलं, स्वतःच्याने काम होत नाही. बस्स. सात वर्षांच्या लढाईनंतरची ही बॅलन्सशीट.

पण बघा, जनगणनेत जे नाही ते सगळं इथे आहे. बायकोचं नाव, मुलं, आजारपण, गोठा. सरकारने मागितला गरिबीचा पुरावा आणि तयार झाला कुटुंबाचा इतिहास.

१८३६ पासून विधवांनाही पेन्शन मिळू लागलं, तेव्हा तर कमालच झाली. लग्नाचा पुरावा हवा, आणि दाखला कुठे असणार? मग त्या बायकांनी घरच्या बायबलमधली पानं फाडून अर्जाला जोडली. लग्न, जन्म, मृत्यू जिथे पिढ्यान् पिढ्या लिहीत आले तीच पानं. ती वॉशिंग्टनला अजून जपून ठेवलेली आहेत. आज वंशावळ शोधणाऱ्याला असं पान मिळालं तर लॉटरीच.

अर्थात सगळ्यांचे अर्ज मंजूर झाले नाहीत. जेहू ग्रँट हा ऱ्होड आयलंडमधला गुलाम. मालक इंग्रजांच्या बाजूचा. हा १७७७ मध्ये पळून जाऊन अमेरिकन सैन्यात भरती झाला. दहाएक महिन्यांनी मालकाने त्याला शोधून परत नेलं. पुढे स्वतंत्र झाल्यावर, म्हातारपणी, १८३२ च्या कायद्याखाली त्याने अर्ज केला. उत्तर आलं, सेवेच्या काळात तू पळालेला गुलाम होतास, सबब पेन्शन नाही. १८३६ मध्ये त्याने परत लिहिलं. काही उपयोग झाला नाही.

पण नामंजूर अर्जसुद्धा कुणी फेकून दिला नाही. अशा मंजूर-नामंजूर मिळून ८० हजारांच्या आसपास फायली आहेत, त्यांच्या मायक्रोफिल्मची २,६७० रिळं आहेत आणि आता त्या ऑनलाइनही बघता येतात. हस्ताक्षरं वाचून टाइप करायला स्वयंसेवक बसलेत.

मार्टिन १८५० मध्ये वारला, ८९ वर्षांचा होऊन. त्याने १८३० साली आठवणींचं पुस्तक छापलं होतं, तेही निनावी. आज इतिहासकार त्या पुस्तकाशिवाय पुढे जात नाहीत. जेहूने पुस्तक लिहिलं नाही. त्याच्या नावावर आहे तो फक्त नाकारलेला अर्ज, आणि त्याच्यामुळेच तो आज आपल्याला माहीत आहे.