कुणाच्या दक्षिणेला?

माझ्या आजीचे माहेर बार्शीकडचे आणि सासर येडशीजवळच्या एका खेड्यातले. अंतर बैलगाडीने फार तर एका दिवसाचे. पण दिवाळीला माहेरी जायचे तर तिला राज्य ओलांडावे लागे. बार्शी मुंबई इलाख्यात, येडशी निजामाच्या मुलखात. वाटेत करोडगिरीचा नाका. तिथे गाडीतून उतरून गाठोडे सोडून दाखवायचे. पदराच्या गाठीतला पैसाही पलीकडे हलका होई : सात हाली रुपये म्हणजे सहा इंग्रजी रुपये. सरकारी कागदावर इकडे फसली साल, तिकडे इसवी. "ज्वारी तीच, पाऊस तोच, मग मधेच हे राज्य कुठून आले?" असे आजी विचारी.

शाळेत जगाचे भाग पाठ करताना मला वाटे, ते देवानेच आखून दिले असतील. पुढे इतिहास वाचू लागलो तेव्हा उमगले की, प्रदेशाच्या नावावरून नाव ठेवणारा कुठे उभा होता हेच पुष्कळदा कळते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेले 'पेरिप्लस' नावाचे पुस्तक आहे. त्यात आमचे तेर 'तगर' या नावाने येते. पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवरचे ते मोठे शहर. तिथले कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जाई. या साऱ्या मुलखाला तो 'दखिनाबदेस' म्हणतो आणि वर सांगतो की, इथल्या भाषेत 'दखनोस' म्हणजे दक्षिण. दक्षिण खरी, पण कुणाच्या? भडोचच्या धक्क्यावरून पाहणाऱ्याच्या! तेरच्या साळ्याला आपले गाव जगाच्या मध्यावरच वाटत असणार.

पुढेही हेच चालले. हैदराबादेहून पाहणाऱ्यांना आम्ही मराठी बोलणारे दिसलो, म्हणून आमचा मराठवाडा झाला. १८५३ साली फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाडाबरोबर धाराशिवचा मुलूखही घेतला आणि १८६० साली परत केला. रयतेला कुणी विचारले नाही. पुढे सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून धाराशिवचे उस्मानाबाद झाले. सप्टेंबर १९४८ मध्ये सोलापूरकडून आलेले भारतीय सैन्य नळदुर्गावरून पुढे गेले आणि निजामी संपली.

१९५६ साली प्रथमच लोकांच्या बोलीकडे पाहून रेघ ओढली गेली. बिदरकडचे अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके आमच्या जिल्ह्यात आले. १९६० साली महाराष्ट्र झाला. ही रेघ आम्हांला हवीच होती; पण तीही कुणाच्या तरी अंगणातून गेली. भालकी-बसवकल्याणकडची मराठी घरे पलीकडे राहिली, उमरग्याकडची कानडी घरे अलीकडे. नंतर १९८२ साली लातूर वेगळे झाले आणि २०२३ साली धाराशिवला जुने नाव परत मिळाले.

पाण्याची वाटणी मात्र निराळीच. बालाघाटाच्या एका अंगाचा पाऊस तेरणा-मांजरेतून गोदावरीला मिळतो, दुसऱ्या अंगाचा सीनेतून भीमेला. ही वाटणी कुणा राजाने केली नाही, म्हणून ती कुणाला मोडताही आली नाही.

नाके उठल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी आजीबरोबर गाडीत होतो. जुन्या जागी येताच तिने सवयीने गाडी थांबवली, खाली उतरली आणि गाठोड्याची गाठ सोडू लागली. बघायला कुणीच नव्हते. ती क्षणभर तशीच उभी राहिली, हसली, आणि त्यातला एक लाडू काढून तिने माझ्या हातावर ठेवला.