गाठीतले हाड

थायरॉइड ही गळ्यातील मऊ ग्रंथी. सांगाड्याचा ती भाग नव्हे. तरीही शस्त्रक्रियेत काढलेल्या थायरॉइडच्या कर्करोगाच्या गाठीचा छेद घेताना क्वचित सुरी अडते आणि सूक्ष्मदर्शकाखाली चक्क हाड दिसते. हा नुसता साचलेला कॅल्शियमचा क्षार नव्हे. पेशींनी बांधलेले हे जिवंत हाड असते, आणि कधी त्याच्या पोकळीत अस्थिमज्जाही सापडते. ते बांधण्याची आज्ञा दिली कोणी?

एका प्रकारच्या ऊतकाची जागा दुसऱ्याने घ्यावी, या घटनेला एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या रूडॉल्फ फिरखो यांनी ‘मेटाप्लेसिया’ ही संज्ञा दिली. घटनेला नाव मिळाले, कारण मात्र मिळाले नाही.

१९३१ मध्ये शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्याच्या मूत्राशयाचे आतले अस्तर काढून त्यांनी ते त्याच्याच पोटाच्या भिंतीतील स्नायूंच्या आवरणावर रोपले. काही आठवड्यांत तेथे हाड तयार झाले! अस्तराच्या पेशी स्वतः हाड झाल्या नव्हत्या. त्यांनी शेजारच्या संयोजी ऊतकाला ते बांधायला लावले होते. थायरॉइडचे बहुतेक कर्करोगही अशाच अस्तरवर्गीय पेशींचे असतात, म्हणून हा प्रयोग येथे मोलाचा. पुढे १९६६ मध्ये हगिन्स यांना नोबेल मिळाले ते प्रोस्टेटच्या कर्करोगावरील कामासाठी. हाडाचा हा प्रयोग त्या कीर्तीच्या सावलीत राहिला.

आज्ञा खरी, पण ती पोहोचते कशी? १९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या मार्शल युरिस्ट यांनी हाडातील क्षार आम्लाने काढून टाकले आणि उरलेला मऊ सांगाडा सशाच्या स्नायूत ठेवला. त्या मृत तुकड्याभोवती नवे हाड उगवले. म्हणजे आज्ञा एखाद्या रसायनात दडलेली होती. ते प्रथिन असल्याचे मानून त्याला ‘बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन’, थोडक्यात बीएमपी, असे नाव पडले. हाडात ते इतके अत्यल्प, की त्याची ओळख पटायला दोन दशके उलटली. अखेर १९८८ मध्ये अमेरिकेतील जॉन वोझनी आणि सहकाऱ्यांनी अशा प्रथिनांची जनुके वेगळी केली.

थायरॉइडच्या पॅपिलरी कर्करोगाच्या पेशींतही पुढे बीएमपी आढळले. गाठीतल्या हाडाचे कोडे त्यामुळे बरेचसे उलगडते, निदान मात्र सोपे होत नाही. साध्या गलगंडातही हाड सापडते. गाठ कर्करोगाची की नाही, हे आजही भोवतालच्या पेशी तपासूनच ठरते.