निकाहनाम्यातला कोरा रकाना

माझ्या धाकट्या बहिणीचा निकाह १९९४ साली सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी झाला. मी साक्षीदार होतो. काझीसाहेबांच्या छापील वहीत नावे, वये, मेहेरची रक्कम असे रकाने होते आणि शेवटी एक रकाना होता, ‘शर्ती’. काझीसाहेबांनी त्यावर एक तिरकी रेघ मारली आणि वही माझ्यापुढे सरकवली. तिथे काय लिहायचे असते, हे मी विचारले नाही. मंडपात पंगत खोळंबली होती. मी सही केली.

चार वर्षांनी बहीण लहानग्या मुलाला घेऊन माहेरी आली. नवरा परगावी निघून गेला होता. तो नांदवतही नव्हता आणि सोडतही नव्हता. पुढची दोन-तीन वर्षे अब्बा नातेवाइकांचे उंबरे झिजवत राहिले. शेवटी आम्ही वकिलाकडे गेलो. त्यांच्या टेबलावर एक जाड इंग्रजी पुस्तक होते, ‘आउटलाइन्स ऑफ मुहम्मडन लॉ’. लेखक आसफ अली असगर फैजी. मी बी.ए. झालेला, मराठीत कविता करणारा माणूस. कायद्याचे इंग्रजी वाचताना ठेचा लागत होत्या. पण वकीलसाहेबांनी पुस्तक आठवडाभर घरी नेऊ दिले आणि त्या आठवड्यात मला त्या तिरक्या रेघेचा अर्थ कळला. आज या फैजीसाहेबांविषयी बोलायचे आहे.

फैजींचा जन्म १० एप्रिल १८९९ रोजी माथेरानला झाला. घराणे सुलेमानी बोहरा, मुंबईच्या तय्यबजी परिवाराशी जोडलेले. केंब्रिजला अरबी-फारसीचा अभ्यास आणि लंडनला बॅरिस्टरी करून ते परतले व मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागले. चर्चगेटचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ पासूनचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे १९३५ ते १९३८ या काळात प्राचार्य होते. त्यांच्यानंतर १९३८ मध्ये फैजी प्राचार्य आणि न्यायशास्त्राचे पेरी प्राध्यापक झाले व १९४७ पर्यंत राहिले. एकाच खुर्चीवर पाठोपाठ आलेल्या या दोन माणसांची श्रद्धा वेगळी, प्रकृती वेगळी. पण परंपरेने दिलेला कायदा मुळापासून वाचून पाहायचा, ही खोड दोघांत सारखीच होती.

त्या काळी आपल्या न्यायालयांत ‘मुसलमानी कायदा’ म्हणून जे चालत होते, ते होते तरी काय? ‘हिदाया’ हा हनफी पंथाचा मोठा अरबी ग्रंथ. इंग्रज न्यायाधीशांपुढे असे ते त्याचे चार्ल्स हॅमिल्टनने १७९१ साली केलेले इंग्रजी भाषांतर, आणि तेही मूळ अरबीवरून नव्हे, फारसीवरून केलेले. त्या भाषांतरावर इंग्रजी न्यायबुद्धीचे संस्कार झाले, निकालांवर निकाल चढत गेले आणि तयार झालेल्या मिश्रणाला लोक अल्लाचा हुकूम समजू लागले. फैजी विद्यार्थ्यांना मूळ अरबी ग्रंथांकडे नेत आणि तिथून पुन्हा न्यायालयाच्या निकालाकडे आणत. या दोहोंत अंतर कुठे पडले, ते दाखवत. धर्माचे मूळ तत्त्व आणि माणसांनी आपापल्या काळात घडवलेले कायदे यांत फरक करा, हा त्यांचा आग्रह होता. १९६३ सालच्या ‘अ मॉडर्न अ‍ॅप्रोच टू इस्लाम’ या पुस्तकात त्यांनी तो उघडपणे मांडला. तो सर्वांना पटला असे नाही. आजही पटत नाही. पण त्यांना विरोध करायचा तर आधी त्यांच्याइतके वाचावे लागते, ही अडचण विरोधकांपुढे कायम राहिली.

‘आउटलाइन्स’ची पहिली आवृत्ती १९४९ ची. तिच्यात निकाहचे प्रकरण आहे. निकाह हा इबादतीइतकाच पवित्र मानला जात असला, तरी कायद्याच्या नजरेत तो दोन माणसांमधला करार आहे, असे ते प्रकरण सांगते. करार म्हटला की शर्ती आल्या. मेहेर कधी द्यायचा, बायकोने कुठे राहायचे, नवऱ्याने दुसरे लग्न केले तर काय, हे लिहून ठेवता येते. इतकेच नव्हे, अमुक गोष्ट घडली तर तलाक घेण्याचा अधिकार नवरा बायकोच्या हाती आधीच देऊन ठेवू शकतो. याला ‘तलाक-ए-तफवीज’ म्हणतात. ही काही फैजींनी काढलेली नवी वाट नव्हती. जुन्या फिकहच्या ग्रंथांतलीच होती. आमच्या काझीसाहेबांनी ज्या रकान्यावर रेघ मारली, तो रकाना याचसाठी होता.

बहिणीची सुटका झाली ती दुसऱ्या कायद्याने. नवरा बेपत्ता झाला किंवा पोसत नसला, तर हनफी मताप्रमाणे बाईला जवळजवळ वाटच नव्हती. कित्येक जणी सुटकेसाठी धर्म सोडत. शेवटी उलेमांनीच मालिकी पंथाच्या नियमांचा आधार घ्यायचे ठरवले आणि १९३९ साली मुस्लिम विवाहविच्छेदाचा कायदा झाला. नवऱ्याचा चार वर्षे ठावठिकाणा नसेल किंवा दोन वर्षे त्याने पोटगी दिली नसेल, तर बाईला न्यायालयात जाता येते. फैजी तेव्हा प्राचार्य होते आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी हा कायदा त्यांच्याच पुस्तकातून शिकले. आमच्या वकीलसाहेबांनीही तो तिथूनच उचलला होता. तरीही न्यायालयात तीन वर्षे गेली. रकाना भरलेला असता तर ती वाचली असती.

प्राचार्यपद सुटल्यावर फैजींनी बरीच पदे भूषवली: इजिप्तमध्ये भारताचे राजदूत, संघ लोकसेवा आयोगाचे सदस्य, जम्मू-काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू. १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. मला मात्र त्यांचे दुसरेच काम मोठे वाटते. दहाव्या शतकातल्या काझी नोमान यांचा ‘दआइम अल-इस्लाम’ हा फातिमी कायद्याचा ग्रंथ बोहरा घराण्यांत हस्तलिखितांच्या रूपात शतकानुशतके जपून, बाहेरच्यांपासून झाकून ठेवलेला होता. फैजींनी प्रती ताडून त्याचा अरबी पाठ सिद्ध केला आणि दोन खंडांत कैरोहून छापला. स्वतःजवळची इस्माइली हस्तलिखिते त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देऊन टाकली. जपणे म्हणजे कुलूप लावणे नव्हे, वाचायला देणे, हे त्यांनी कृतीने सांगितले.

२३ ऑक्टोबर १९८१ रोजी ते गेले. पण ‘आउटलाइन्स’ थांबले नाही. २००८ मध्ये ताहिर महमूद यांनी त्याची पाचवी आवृत्ती सिद्ध केली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला, तेव्हा न्यायमूर्ती नरीमन यांच्या निकालपत्रात फैजींच्या ग्रंथाचा आधार होता. मराठी मुसलमानांत सुधारणेचे नाव निघाले की आपल्याला हमीद दलवाई आठवतात, आणि ते योग्यच आहे. १९६६ साली त्यांनी सात बायकांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. पण रस्त्यावर ज्या हक्काची घोषणा होते, तो ग्रंथात कुठे लिहिला आहे हे दाखवणाराही कुणीतरी लागतो.

२०२२ मध्ये माझ्या मुलीचा निकाह झाला. तिने आणि होणाऱ्या जावयाने एकत्र बसून शर्ती लिहिल्या होत्या. एका वडीलधाऱ्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, ‘‘अहो, शुभ दिवशी तलाकची भाषा कशाला?’’ मी म्हणालो, ‘‘चाचा, आपण आगीचा विमा काढतो, तो घर जाळायला नव्हे.’’ ते हसले नाहीत, पण अडले नाहीत. काझी तरुण होते. त्यांनी शर्ती वाचून दाखवल्या, दोघांना कबूल आहेत का विचारले आणि रकान्यात नीट अक्षरात उतरवल्या. जागा कमी पडली म्हणून मागे एक पान जोडले.

हनफी नियमाप्रमाणे निकाहला दोन पुरुष किंवा एक पुरुष आणि दोन स्त्रिया साक्षीला चालतात. हेही मला फैजींच्या पुस्तकातच कळले होते. वही आली तेव्हा माझ्या मेहुण्याने सही केली, मुलीच्या मावशीने केली आणि मग माझ्या बहिणीने. सही करण्याआधी तिने तो रकाना वरपासून खालपर्यंत वाचला. पंगत खोळंबली होती. कुणी तिला घाई केली नाही.